बीटल्स ऐकायचे, पण कोठून?

इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी चार तरुणांचा एक रॉक-संगीताचा संच उभा राहिला. नाव बीटल्स. १९६३ ते १९७० या काळात त्यांच्या डझनभर मोठ्या तबकड्या निघाल्या. आता त्या मोबाइलवर खेड्यातही ऐकता येतात. प्रश्न एवढाच की, सुरुवात कोठून करावी?

प्रश्न क्षुल्लक नाही, बरे का. आमच्या वर्गातल्या एका मुलाने त्यांचा १९६८ चा, पांढऱ्या वेष्टनाचा जोड-अल्बम लावला. त्यातल्या तीस गाण्यांतून त्याच्या बोटाखाली नेमके ‘रेव्होल्यूशन ९’ आले. ते गाणे नव्हेच. ध्वनिफितींचे तुकडे जोडून केलेला आठ मिनिटांचा कल्लोळ! “सर, हे असलंच असेल तर नको,” म्हणाला. ज्ञानेश्वरीच्या आधी अमृतानुभव हाती पडावा, तसे झाले.

मग पहिल्यापासून ऐकावे काय? पहिल्या तबकडीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली. जोम भरपूर, पण चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची. जाणकार १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ सुचवतात. उत्तमच आहे ती. पण तिची नवलाई कळायला आधीचे थोडे कानावरून गेलेले हवे.

माझे मत डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’ला. गाणी चौदा, वेळ सुमारे पस्तीस मिनिटे, म्हणजे शाळेचा एक तास! ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये जॉर्ज हॅरिसनने सतार छेडली आहे. राग वगैरे काही नाही, सतार नुसती चालीच्या मागून जाते. पण परक्या गाण्यात ओळखीचा आवाज आला की कान आपोआप टवकारतात. ‘नोव्हेअर मॅन’मध्ये प्रेमाची गोष्टच नाही. आणि ‘इन माय लाइफ’मधला वाद्याचा तुकडा तर शिक्षकांनी वर्गात ऐकवावा. जॉर्ज मार्टिन या निर्मात्याने फीत निम्म्या वेगाने फिरवून पियानो वाजवला. मग फीत नेहमीच्या वेगाने सोडली. सूर एक सप्तक वर चढले आणि पियानो निराळेच वाद्य वाटू लागला. वेग दुप्पट झाला की कंपनेही दुप्पट, हा पदार्थविज्ञानाचा धडा गाण्यातच सापडतो.

ही आवडली तर पुढे १९६६ ची ‘रिव्हॉल्व्हर’ घ्यावी. तिच्यात ‘लव्ह यू टू’ या गाण्याला तबला आहे आणि वेष्टनावर तबलावादकाचे नावही छापले आहे : अनिल भागवत. त्यानंतर १९६९ ची ‘ॲबी रोड’. पहिल्या तबकडीकडे मग सवडीने वळावे.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘रबर सोल’ची अमेरिकेत निघालेली आवृत्ती निराळी, तीत बाराच गाणी आहेत आणि ‘नोव्हेअर मॅन’ नाही. पहिले गाणे ‘ड्राइव्ह माय कार’ असेल, तर ती इंग्लंडची तबकडी समजावी. तीच लावावी.