नगरपरिषदेची निवडणूक आणि वस्तीची सुरक्षितता

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कार्यकारिणीने या विषयावर बोलण्याची सूचना केली तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतील कारकुनाची. राजकारण हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कर्ज विभागाच्या टेबलावर बसून गेली एकवीस वर्षे आम्ही या गावातील घरांची कागदपत्रे हाताळीत आहोत. सात-बारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे आमचे रोजचे सोबती. गाव कसे वाढले हे आम्ही रस्त्यावरून कमी आणि फायलींतून अधिक पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलणार आहोत.

२०२५ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक झाली. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. तत्पूर्वी कित्येक गावांत काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते, नगरसेवक नव्हतेच. त्यामुळे या वेळी उत्साह मोठा होता. नगरपरिषदेच्या मतदाराला साधारणतः तीन मते होती, दोन प्रभागातील नगरसेवकांसाठी आणि एक थेट नगराध्यक्षासाठी. तीन मते देऊन आपण घरी आलो, बोटाची शाई पुसली गेली, गुलालही धुतला गेला. आता प्रश्न असा आहे की, त्या तीन मतांच्या बदल्यात आपण नेमके मागितले काय?

नगरपरिषदेकडे काय मागता येते, हे आधी पाहू. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली आणि तीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय दिले. पहिला विषय नगररचना. दुसरा जमिनीच्या वापराचे आणि बांधकामाचे नियमन. पुढे रस्ते व पूल, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, आणि सातव्या क्रमांकावर अग्निशमन. म्हणजे गावाची वाढ आणि गावाची सुरक्षितता हे विषय त्या यादीत शेजारीशेजारीच बसले आहेत. प्रचाराच्या सभांत मात्र आम्हाला कमान, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा आणि सभागृह एवढेच ऐकू आले. जे डोळ्यांना दिसते त्याची मागणी होते. जे संकट आले नाही तर कधी दिसतच नाही, त्याची मागणी कोणी करीत नाही.

या अनुषंगाने एका गावाचे उदाहरण घेऊ. ते गाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. दरवर्षी २० मार्चला आपण तेथे जातो. महाड.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्यानुसार महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसे त्या गावात होती. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदात जीव आला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. नगरपालिकेचा ठराव म्हणजे अंमलबजावणी नव्हे, हा धडा आपल्या माणसांनी चौदा वर्षे खर्च करून घेतलेला आहे.

त्याच महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी काजळपुरा भागातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे दगावली. चार वर्षांचा एक मुलगा एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. ही काही जुनी, पडकी इमारत नव्हती. तिला जेमतेम दहा वर्षे झाली होती. गुन्हा नोंदवला गेला तो बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद आणि सल्लागार यांच्यावर, आणि त्यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आमच्यासारख्या कागद हाताळणाऱ्या माणसाला त्यातून एवढेच कळले की, परवानगीचा कागद ही निव्वळ सही-शिक्क्याची बाब नसते. त्या कागदाखाली माणसे झोपलेली असतात.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाड शहर बुडाले. नदीकाठच्या गावांसाठी पूररेषा आखल्या जातात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. या रेषा नकाशावर असतात. प्लॉट विकणारा माणूस मात्र गिऱ्हाइकाला नकाशा दाखवीत नाही, तो उन्हाळ्यात कोरडी जमीन दाखवतो.

सर्वच गोष्टी नगरपरिषदेच्या हातात नसतात, हेही मान्य केले पाहिजे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एस. टी.च्या दोन गाड्यांसह वाहून गेला. तो पूल राष्ट्रीय महामार्गावरचा होता. त्याचा जाब नगरसेवकाला विचारणे बरोबर नाही. तसेच बांधकाम परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्यांची असते, आणि ते शासनाचे अधिकारी असतात. परंतु अंदाजपत्रकात आगीच्या बंबाला किती आणि कमानीला किती, विकास आराखड्यातील कोणते आरक्षण ठेवायचे आणि कोणते उठवण्याची शिफारस करायची, हे सभागृह ठरवते. तेथे आपले मत पोहोचलेले असते.

आता आमच्या टेबलावरचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक शिक्षक दांपत्य गावाबाहेरच्या एका इमारतीतील घराचे कागद घेऊन आले. नकाशा तीन मजल्यांचा मंजूर होता. इमारत चार मजल्यांची उभी होती, आणि त्यांचे घर चौथ्या मजल्यावर होते. आम्ही म्हणालो, "सर, या मजल्याला परवानगी नाही. बँक कर्ज देऊ शकणार नाही." ते म्हणाले, "निवडणूक झाली की नियमित होणार आहे. बिल्डरने शब्द दिलाय." त्यांनी दुसरीकडून चढ्या व्याजाने पैसे उभे केले. त्यानंतर निवडणूक झाली. हप्ते आजही चालू आहेत. भोगवटा प्रमाणपत्र आजही नाही. भेटल्यावर सर आम्हाला जयभीम घालतात, पण घराचा विषय काढीत नाहीत.

गाव वाढू नये असे आमचे म्हणणे नाही. गाव वाढले म्हणूनच आपली मुले झोपडीतून पक्क्या घरात आली. गुंठा-गुंठा जमीन घेऊन ज्यांनी घर बांधले ते गुन्हेगार नव्हेत. त्यांना नियमित जागा परवडत नव्हती. शासनानेही २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. परंतु दंड भरून कागद नियमित होतो. गल्ली रुंद होत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी सांगण्यासाठी आम्ही खरे तर उभे राहिलो.

२०२४ च्या एप्रिलात आपल्या मागच्या गल्लीत एका घराला शॉर्टसर्किटने आग लागली. आगीचा बंब लवकर आला. पण तो कमानीपाशी येऊन थांबला. कमानीचा डावा खांब आणि आपल्या सभागृहाचा वाढवलेला ओटा यांच्यामधून तो आत येईना. ओट्याची ती बाजू रस्त्यात चार फूट आली आहे. तिला परवानगी नाही, हे आपण सारे जाणतो. पोरांनी घागरी-बादल्यांनी आग विझवली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब म्हणावे. दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या आजी आमच्या खिडकीशी आल्या. हातात अर्धे जळालेले पासबुक होते. "भाऊ, यातले पैसे पण जळले का?" त्यांनी विचारले. पैसे सुरक्षित आहेत, असे आम्ही सांगितले. बंब का आला नाही, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर काय सांगितले असते, ठाऊक नाही.

त्यानंतर दीड वर्षाने निवडणूक लागली. उमेदवार याच सभागृहात आले. आपण त्यांना मागणीपत्र दिले. पहिली मागणी सभागृहावर स्लॅब, दुसरी कमानीवर रोषणाई, तिसरी पेव्हर ब्लॉक. बंबाच्या रस्त्याचा त्यात उल्लेखही नव्हता. बंधू-भगिनींनो, त्या मागणीपत्राचा मसुदा आमच्याच हस्ताक्षरात आहे. अक्षर चांगले म्हणून ते काम नेहमी आमच्याकडे येते. आम्ही मुकाट्याने लिहिले आणि खाली सहीही केली.

तेव्हा दोष दुसऱ्यांना देण्याअगोदर काही कामे आपणच करू. आमच्या सूचना थोड्या आहेत.

एक, दर तीन महिन्यांनी मंडळाचे चार सभासद नगरपरिषदेत जाऊन आपल्या प्रभागातील नव्या बांधकाम परवानग्या पाहतील. दाखवल्या नाहीत तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे.

दोन, विकास आराखड्यात आपल्या भागात कोणती आरक्षणे आहेत त्याची यादी सभागृहात लावू. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. मैदान असे गेले की परत येत नाही.

तीन, ज्या शाळा, मंगल कार्यालये आणि दवाखाने २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात येतात, त्यांनी दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. आपली मुले जेथे जातात तेथे तो दाखला मागू.

चार, कर्जासाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे कागद आम्ही रविवारी सकाळी येथे बसून विनामूल्य पाहून देऊ. घर घेण्यापूर्वी या, घेतल्यानंतर नको.

पाचवी सूचना कठीण आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत की, सभागृहाचा ओटा चार फूट मागे घ्यावा आणि कमानीचा डावा खांब हलवावा. काहींना राग येईल. तो ओटा वर्गणीतून, आपल्या हातांनी बांधला आहे. देणगीदारांच्या आई-वडिलांच्या नावांच्या फरश्या त्यात बसवल्या आहेत. आमच्या वडिलांच्या नावाची फरशी त्याच चार फुटांत आहे. त्यांनी या वस्तीत पहिली शाळेची बत्ती लावली, ती पुसली जावी असे आम्हाला का वाटेल? परंतु त्यांचे नाव बंबाच्या वाटेत आडवे पडलेले आम्हाला पाहवत नाही. ठराव मंजूर झाला तर ती फरशी आम्ही स्वतः काढू आणि आतल्या भिंतीत बसवू.

नामंजूर झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडू. मंजूर झाला तरी तो दप्तरात पडून राहू नये, यासाठी पहार घेऊन पहिल्या दिवशी आम्ही हजर राहू. मग नगराध्यक्षांकडे जाऊन ताठ मानेने म्हणता येईल की, आमच्या वाट्याचा रस्ता आम्ही मोकळा केला, आता गावाचा तुम्ही करा.