पदकावरील बेलपान
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



राजघराण्यातील मृत्यूच्या स्मरणार्थ पदक पाडण्याची चाल युरोपात जुनी आहे. इंग्लंडची राजकन्या शार्लट १८१७ साली बाळंतपणात वारली, राणी व्हिक्टोरिया १९०१ साली निवर्तली. दोन्ही वेळी पदके निघाली. अशा पदकांवरील चिन्हे ठरलेली असतात. उलटी धरलेली मशाल म्हणजे मावळलेले आयुष्य. भंगलेला स्तंभ म्हणजे घराचा गेलेला आधार. रक्षाकलशावर ओणवलेली स्त्री म्हणजे शोकाकुल राष्ट्र. एका बाजूस मुखवटा, दुसऱ्या बाजूस शोक.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. चौंडीची कन्या अहिल्याबाई होळकर १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या. आपल्याकडे राजस्मरणाची रीत छत्रीची, पदकाची नव्हे. तथापि त्यांच्या कारकीर्दीत महेश्वरच्या टांकसाळीत पडलेला रुपया पाहावा. लेख फारसी, नाव शहा आलम बादशहाचे, आणि खूण शिवलिंग व बेलपान यांची. बाईंचा मुखवटा त्यावर नाही.

पती खंडेराव १७५४ साली, सासरे मल्हारराव १७६६ साली आणि पुत्र मालेराव १७६७ साली गेले. ज्या माउलीने इतके मृत्यू सोसले, तिच्या नाण्यावर शोकाची खूण नाही, सेवेची आहे. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, हाच त्या खुणेचा अर्थ. शिवाय बेलपान गरिबाच्या ओंजळीतही असते! २०२५ साली त्रिशताब्दीनिमित्त निघालेल्या ३०० रुपयांच्या नाण्यावर बाईंची प्रतिमा पाहून आनंद झाला; पण बाईंचे मन जुन्या बेलपानातच अधिक दिसते.

आमच्या घरी असा एक रुपया होता. एका लग्नाच्या घाईत तो इतर मोडीबरोबर सोनाराकडे गेला आणि त्याचे वाळे झाले. चांदी घरात राहिली, खूण गेली. दोष सोनाराचा नव्हे. ती खूण आम्हालाच वाचता येत नव्हती.

म्हणून दोन विनंत्या. देवघरातील वा पेटीतील जुने नाणे मोडीत घालण्यापूर्वी जाणत्यास दाखवावे. आणि दिवंगतांच्या स्मरणार्थ आपण विद्यार्थ्यांस जी पदके देतो, त्यांवर नुसते नाव व वेलबुट्टी न कोरता त्या व्यक्तीच्या कार्याची खूण कोरावी: शेतकऱ्याचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू, शिक्षकाची पाटी. पदक घेणाऱ्या मुलाने विचारावे, "हा नांगर का?" आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला ती हकीकत सांगावी. स्मरण म्हणतात ते हेच.