केसपेपरवर खरं लिहू या
(विभागीय परिचारिका संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



रिक्त पदं, बदल्या, भत्ते यांवर अध्यक्षांनी बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. त्या मागण्या रास्तच आहेत आणि उद्याच्या सत्रात त्यांवर सविस्तर बोलणं होईल. माझा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे: घरात मार खाऊन आपल्यासमोर ड्रेसिंगला बसणारी बाई, आणि तिच्या केसपेपरवर आपण काय लिहितो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहितांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. चारांत एक. त्याच सर्वेक्षणातला देशाचा एक आकडा मला त्याहून जास्त बोचतो. कुणाकडूनही शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं. यातल्या कितीतरी जणी दवाखान्यात मात्र येतात. पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली, माहेरी अवाक्षर न काढलेली बाई आपल्याकडे येते, कारण हाड मोडलं की यावंच लागतं.

कॅज्युअल्टीतलं नेहमीचं दृश्य घ्या. तिशीतली बाई, डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, शेजारी नवरा. "बाथरूममध्ये पाय घसरला," हे तोच सांगतो. ती जमिनीकडे बघते. एक्स-रेत मनगट शाबूत असतं आणि कोपर ते मनगट यांच्यामधलं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेलं असतं. घसरलेला माणूस बहुधा तळवा टेकतो आणि मनगटावर पडतो. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला, की हे मधलं हाड मोडतं. दंडावर एक डाग पिवळा पडत चाललेला, त्याच्याशेजारी दुसरा ताजा काळानिळा. हे सगळं आपल्या डोळ्यांना दिसतं, आणि कागदावर उतरतं, 'घसरून पडल्याने इजा'.

अशा वेळी नवऱ्याला पावती करायला पाठवा. पडदा ओढून घ्या. आडवळणं न घेता विचारा, "ताई, अशी जखम मारानं होते, म्हणून विचारते. घरी कुणी मारतं का?" पहिल्यांदा बहुतेक जणी नाही म्हणतात. ते विचारणं वाया जात नाही. दोन-चार महिन्यांनी तीच बाई पोराला ताप आहे म्हणून येते आणि 'त्या दिवशीच्या सिस्टर' कुठे आहेत, असं विचारते. माझ्या नोकरीत हे मी अनेकदा पाहिलं आहे. डॉक्टरांकडे रांग असते, त्यांना दोन मिनिटं मिळतात. टाके काढताना, पट्टी बदलताना बाई आपल्याशी बोलते, आणि आपल्याही आधी वॉर्डातल्या मावशींशी. म्हणून या विषयाचं प्रशिक्षण मावशींनाही मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या राज्यात याची वाट घालून दिलेली आहे. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. ते रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालवलं, यात मोठं शहाणपण होतं. समुपदेशन केंद्रात जाते म्हटलं तर बाईला घरातून निघू देणार नाहीत. पट्टी बदलायला जाते म्हटलं तर कोण अडवणार? तिथे परिचारिकांना आणि डॉक्टरांना जखमेमागची मारहाण ओळखायला शिकवलं गेलं. पुढे हे काम मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत गेलं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते का असू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

"सिस्टर, आपण कशाला पडायचं त्यांच्या घरच्या भांडणात? उद्या साक्षीला बोलावतील," असं सहकारी म्हणतात. या भीतीला मी कमी लेखत नाही. पण कायदा नीट वाचा. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या नियमांत आपल्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. घरगुती घटना अहवाल आधी झालेला नाही, या कारणावरून तिला उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल झालेला नसेल, तर रुग्णालयाच्या प्रमुखानं तो नमुना एकमध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची असते. किती ठिकाणी देतो आपण? कोर्टात पोटगी किंवा घरात राहण्याचा हक्क मागताना हाच कागद तिच्या कामी येतो. तेव्हा कुणी मारलं, कशानं मारलं, कधी मारलं, हे तिच्याच शब्दांत लिहा. जखमेची जागा, लांबी-रुंदी, रंग लिहा. नवऱ्यानं सांगितलेली हकिगत 'नवऱ्याने सांगितले' अशीच लिहा.

काही गोष्टी मात्र कळकळीपोटीही करू नका. नवऱ्याला बोलावून झापू नका. त्याचा वचपा तो रात्री तिच्यावर काढतो. "सोड त्याला" असंही म्हणू नका. बाई घर सोडायला निघते तेव्हा धोका सर्वात जास्त असतो. निघायचं कधी, हे तिलाच कळतं. आपण तिला पर्याय सांगायचे: महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२, आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मिळणारा तात्पुरता निवारा. चिठ्ठीवर नंबर लिहून दिला तर तो पर्समध्ये सापडतो. तीनच आकडे आहेत, तिच्याकडून पाठ करून घ्या.

जळीत कक्षात काम केलेल्या भगिनी इथे बसल्या आहेत. स्टोव्हचा भडका उडाला म्हणून आणलेल्या, पंधराव्या दिवशी गेलेल्या मुली त्यांना आठवत असतील. त्यांतल्या कित्येक जणी आधी फुटलेल्या ओठावर, कानाच्या पडद्यावर औषध घ्यायला आपल्याच ओपीडीत येऊन गेलेल्या असतात.

आणि हा विषय फक्त टेबलाच्या पलीकडचा नाही. आपल्यातल्याही काही जणी वळ लपवायला पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून ड्युटीवर येतात. पगार आपला, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, अशा भगिनी या सभागृहात आहेत. पैशाची अशी नाकेबंदी हीसुद्धा कायद्यानं हिंसाच आहे. त्यांनी संघटनेकडे यावं. त्यांचं नाव बाहेर जाणार नाही, हा शब्द मी अध्यक्ष म्हणून देते.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. प्रत्येक शासकीय आणि पालिका रुग्णालयात बाईशी एकांतात बोलता येईल अशी दार लागणारी एक खोली असावी, परिचारिका आणि मावशी यांना दरवर्षी प्रशिक्षण मिळावं, आणि तपासणी अहवालाची प्रत तिनं न मागता तिच्या हातात द्यावी. शेवटच्या गोष्टीसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही, ती सोमवारच्या सकाळपाळीपासून सुरू करता येते. ठरावाला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, अशी माझी विनंती आहे.