आभाळातला आवाज आणि वैमानिकाचा हात

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी दिघीला घरी आलेला कामगार अंथरुणाला पाठ टेकतो न टेकतो, तोच माथ्यावरून विमान घरघरत जाते. ‘याला कोण काय करणार?’ म्हणून तो कूस बदलतो. पण काही करू शकणारा माणूस त्याच विमानात बसलेला असतो!

लोहगावचा विमानतळ १९३९ सालचा. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम; म्हणून पश्चिमेकडून उतरणारे विमान आपल्या बाजूने येते. चाकणजवळ नवा विमानतळ करण्याचा विचार मागे पडला आणि २०१६ साली पुरंदरची निवड झाली.

आता वैमानिकाच्या हाती काय आहे? घाट उतरणारा जुना ड्रायव्हर पाहा. तो गाडी एका संथ लयीत खाली आणतो. उगाच ब्रेक नाही, उगाच जोर नाही. विमानाचेही तसेच. पायरी-पायरीने उतरले, तर प्रत्येक सपाट टप्प्यावर इंजिनाला जोर द्यावा लागतो आणि विमान फार वेळ खालून उडते. सलग उतरले, तर इंजिन मंद राहते आणि उंचीही टिकते. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. १० डेसिबल उतरला तर कानाला तो निम्माच वाटतो.

दुसरी गोष्ट चाकांची. चाके आणि पंखांच्या झडपा बाहेर आल्या की त्यांच्यावर वारा आपटून मोठा आवाज होतो. त्या लवकर काढायची घाई नको. मात्र ढगाळ हवेत जमिनीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर येईपर्यंत विमान उतरण्यास पुरते सज्ज हवे. तिथे सुरक्षिततेशी तडजोड नाही. धावपट्टी पुरेशी लांब असेल, तर टेकल्यावर इंजिनाचा उलटा जोरही कमी वापरता येतो.

उड्डाणाच्या वेळी? किमान ८०० फूट उंची गाठल्यावर इंजिनाचा जोर कमी करून ३००० फुटांपर्यंत चढत राहायचे, अशी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्याने धावपट्टीजवळच्या वस्तीला आराम मिळतो.

लढाऊ विमानांची गोष्ट निराळी; त्यांचा सराव ही देशाची गरज आहे. शिवाय सलग उतरायला नियंत्रण कक्षाने वाट मोकळी द्यावी लागते. तेव्हा तक्रार करताना नुसते ‘आवाज बंद करा’ म्हणू नका. तारीख आणि वेळ लिहा, आणि विचारा: ‘हे विमान सलग का उतरले नाही?’ अशा प्रश्नाचे उत्तर मागता येते. आणि त्या उत्तरावर कुणाची तरी झोप अवलंबून असते.