ज्यांचे नाव पाटीवर नाही



पार्ल्यात उभे राहिले की टिळकांची आठवण येतेच. लोकमान्य १९२० साली गेले आणि पुढच्याच वर्षी इथे पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. त्याच संस्थेने १९५९ मध्ये पार्ले कॉलेज काढले, आजचे साठये महाविद्यालय. लोकांनी पदरमोड करून कॉलेज काढायचे, ही रीत पुण्यात ज्यांनी घालून दिली त्यांत टिळक स्वतः होते. म्हणून आज पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजच्या पहिल्या प्राचार्यांविषयी बोलतो.

२ जानेवारी १८८५ रोजी शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात ते कॉलेज उघडले. आजचा तो विस्तीर्ण परिसर डोळ्यांसमोरून क्षणभर दूर करा. वाड्यात भरणारे कॉलेज होते ते. नाव गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. त्यांनी देणगीही दिली होती. त्या काळी गव्हर्नरांचे नाव असणे संस्थेच्या हिताचेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सर्वांत मोठी देणगी कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांची होती. ऐन उमेदीची वर्षे संस्थेला बांधून द्यायची आणि सरकारी नोकरीत सहज मिळाले असते त्याच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या पगारावर शिकवायचे, असा तो करार होता.

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. मूळ सावंतवाडीकडचे, लहानपणीच पोरके झालेले. प्राचार्य झाले तेव्हा वय सव्वीस-सत्तावीस. वर्ग घ्यायचे, कारभार पाहायचा, आणि त्यातच १८९० साली संस्कृत-इंग्रजी कोश पुरा करायचा! तो कोश आजही देशोदेशीचे संस्कृतचे विद्यार्थी वापरतात. १८९२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी आपटे गेले. हे वय आठवले की मला अजून कासावीस व्हायला होते.

त्यांच्या जागी गोपाळ गणेश आगरकर आले. दम्याने पोखरलेले शरीर, आणि सुधारकी मतांपायी ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली असा हा माणूस. अशा माणसाला सहकाऱ्यांनी प्राचार्य केले, ही फर्ग्युसनच्या इतिहासातली मला सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटते. तीनच वर्षे मिळाली. जून १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, तेही गेले.

आपट्यांच्या काळातच आजीव सभासदांमध्ये जे भांडण झाले, त्यावर मात्र थोडे थांबले पाहिजे. आजीव सभासदाने बाहेरची कमाई करू नये, हा टिळकांचा आग्रह. बाकीच्यांचे म्हणणे, संसार वाढले, थोडी मुभा हवी. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्याला तत्त्वाचा हिशेब वेगळा दिसतो, आणि ज्याने संस्था त्यागावर उभी केली त्याला ती मुभा पहिली भेग वाटते. इतरही मतभेद साचले होते. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. ते गणित शिकवायचे. त्यांच्या जागी सहकारी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईतून एका गणिताच्या शिक्षकाला बोलावून घेतले. ते धोंडो केशव कर्वे.

आगरकरांनंतर महादेव शिवराम गोळे आणि १९०२ पासून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, याच कॉलेजचे विद्यार्थी. मोठ्या पगाराच्या जागा मिळाल्या असत्या, पण ते महिना पंचाहत्तर रुपयांवर परत आले आणि वीसहून अधिक वर्षे कॉलेज सांभाळले. आपटे आणि आगरकर यांना आयुष्याने जो अवधी नाकारला, तो परांजप्यांना मिळाला. कॉलेज स्थिरावले ते त्यामुळे.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या माणसांनी लिहिले आणि त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले. आपल्या उपनगरांतल्या प्राचार्यांविषयी असे किती लिहिले गेले? पार्ल्यात, अंधेरीत, मुलुंडला, घाटकोपरला प्राचार्यांची नावे कार्यालयाबाहेरच्या फलकावर सालवार असतात आणि बहुधा तिथेच थांबतात. १९५९ मध्ये पार्ले कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांतले कोणी या सभागृहात असतील, तर माझी हात जोडून विनंती आहे: शिकवले कोणी, प्रयोगशाळा कशी उभी राहिली, फी थकलेल्या मुलाला प्राचार्य काय म्हणत, हे या उन्हाळ्यातच नातवंडांकडून लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात द्या.