मंडळीला सूर देणारे टिळक

महाराष्ट्रात 'टिळक' हे आडनाव उच्चारले की प्रथम लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याच वेळी दुसरे एक टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक ते हेच. 'फुलामुलांचे कवी' म्हणून शालेय पुस्तकांनी त्यांची ओळख करून दिली. बालकवी ठोंबरे यांच्यावर पुत्रवत् माया करणारे म्हणून काव्यरसिकांनी त्यांना जवळ केले. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे पती म्हणून ते घरोघरी पोचले. परंतु त्यांचे आणखी एक रूप आहे व ते ग्रंथांच्या पानांत फारसे सापडत नाही. ते पाहावयाचे तर एखाद्या रविवारी मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला जावे लागते. पाळक भजनाचा क्रमांक सांगतात, पेटीवर सूर धरला जातो, टाळ वाजू लागतो आणि लहानथोर सारे एका सुरात गाऊ लागतात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना त्या भजनाचा कर्ता कोण हे ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची त्यांना गरजही वाटत नाही, इतके ते भजन त्यांचे स्वतःचे झालेले असते. मराठी मंडळीच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची पदे अडीचशेच्या घरात आहेत. कवीच्या कीर्तीचे हे माप टीकाकारांच्या मापाहून निराळे आहे. परंतु ते कमी प्रतीचे आहे असे कोण म्हणेल?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आई जानकीबाई मात्र कोमल मनाची व कवितेची आवड असलेली. ती लवकर गेली आणि पोरका झालेला मुलगा घर सोडून विद्येच्या शोधात नाशिकला आला. तेथे संस्कृत विद्येचे संस्कार त्याच्यावर झाले, आणि त्याबरोबरच कीर्तन, पुराण व भजन यांचे वातावरण त्याच्या अंगी मुरले. पुढे शिक्षकी, लेखन, संपादन असे नाना उद्योग झाले. एका जागी स्थिर राहणे या मनुष्याच्या प्रकृतीत नव्हते. पोटाच्या भुकेपेक्षा सत्याची भूक त्यांना अधिक सतावीत असे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला व त्याने 'नवा करार' त्यांच्या हाती दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी या गोष्टीचा अर्थ काय होता, हे आज पुरतेपणी कळणे कठीण आहे. आप्तांनी पाठ फिरविली, स्नेही दुरावले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, आणि सुमारे साडेचार वर्षे पती एकीकडे व पत्नी दुसरीकडे अशी स्थिती होती. एका बाजूने जुना समाज त्यांना परका मानू लागला. दुसऱ्या बाजूने ज्या नव्या समाजात ते आले, तोही पाश्चात्त्य वळणाखाली वावरत होता. घर सोडून आलेल्या माणसाला नव्या घरातही आपली भाषा ऐकू येऊ नये, यासारखे एकाकीपण दुसरे नाही. टिळकांच्या भजनांचा उगम या एकाकीपणात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकन मिशनचे लोक मुंबईस आले १८१३ साली. नगरला, म्हणजे ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात त्या शहरी, त्यांचे ठाणे बसले १८३१ साली. शाळा निघाल्या, छापखाने निघाले, १८४२ पासून 'ज्ञानोदय' सुरू झाले. उपासनेसाठी गीते हवी होती, ती इंग्रजीतून भाषांतरित झाली आणि विलायती चालींवर बसविली गेली. श्रद्धेत उणे नव्हते. अडचण भाषेच्या घडणीतच होती. इंग्रजी स्तोत्राची ओळ आघातांवर चालते. ठरावीक अंतराने एका अक्षरावर जोर पडावा लागतो. मराठी शब्दांत असा ठळक आघात नाही. मराठी पद्यात अक्षरगणवृत्ते लघुगुरूंच्या क्रमाने चालतात आणि ओवी-अभंग अक्षरांच्या मोजणीने. तेव्हा मराठी शब्द विलायती चालीत कोंबले की नको तेथे जोर येतो, ऱ्हस्व स्वर ताणला जातो, आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागण्यापूर्वीच ओळ संपून जाते. गाणाऱ्याच्या तोंडी शब्द असतात. मन मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ही अडचण टिळकांच्या आधी काहींनी ओळखली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली व ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. हरिदास उभा राहून निरूपण करतो, मध्येच पद म्हणतो, मागचे साथीदार ध्रुपद उचलतात आणि श्रोतेही नकळत त्यात ओढले जातात, ही मराठी माणसाची शेकडो वर्षांची पाठशाळा. तिच्यातून येशूचे चरित्र सांगता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले. टिळकांनी ही पायवाट रुंद केली आणि तिचा राजमार्ग केला. अभंगाचे माप किती साधे आहे पाहा. मोठ्या अभंगात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाला. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. हे माप जात्यावरच्या बाईला ठाऊक आहे, वारीतल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. ते शिकविण्यासाठी शाळा काढावी लागत नाही. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आपण ज्या पुलावरून आलो तो त्यांनी मागे मोडून टाकला नाही. इतरांना येण्याजाण्यासाठी तो उभा ठेवला.

यात केवळ काव्याचा प्रश्न नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळून निघाला. त्या काळात जे लोक मंडळीत आले त्यांतील बहुसंख्य महार, मांग अशा दलित जातींतले, अक्षरशत्रू ठेवले गेलेले लोक होते. त्यांच्या हाती गीतांचे पुस्तक देऊन काय उपयोग? परंतु एकतारीवरचे भजन त्यांच्या वस्तीत पिढ्यान् पिढ्या नांदत होते. त्यांचे कान तयार होते, गळे तयार होते. ध्रुपद एकदा ऐकले की दुसऱ्यांदा ते म्हणू शकत होते. ज्या माणसाला देवळाच्या पायरीपाशी अडविले जाई, तो आता अभंग म्हणत उपासनेच्या मध्यभागी उभा राहिला. वाचता न येणाऱ्या माणसाला धर्मसभेत बोलण्याचा अधिकार गाण्याने मिळाला. टिळकांच्या संगीतसेवेचे खरे मोल येथे आहे.

जगाच्या इतिहासात याला तोड आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने जर्मन लोकांना त्यांच्या भाषेत स्तोत्रे दिली. त्याच्या पंथाची पहिली गीतपुस्तके १५२४ साली निघाली, आणि तोवर ऐकत बसणारी मंडळी गाऊ लागली. आपल्या देशातही टिळकांच्याच काळात दुसरा एक कवी हेच कार्य करीत होता. चंडीगढला नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी कोणी तिकडच्या पंजाबी ख्रिस्ती मंडळीत डोकावले तर ढोलकीच्या ठेक्यावर 'जबूर' कानी पडतील. दाविदाच्या स्तोत्रांना पंजाबी पद्यरूप देणारे हे कवी म्हणजे सियालकोटचे पाद्री इमामुद्दीन शहबाज. हे काम चालू असताना त्यांची दृष्टी गेली. तरीही त्यांनी ते पुरे केले, आणि पंजाबी चालींवर बसविलेली ती स्तोत्रे आज सीमेच्या दोन्ही बाजूंस गायिली जातात. १९४७ साली भूमी दुभंगली. गाणे दुभंगले नाही. नगर आणि सियालकोट यांमध्ये शेकडो कोसांचे अंतर. परंतु दोघा कवींना सापडलेले उत्तर एकच होते. देवाजवळ जाण्यासाठी कोणाला आपल्या आईची भाषा दाराबाहेर ठेवावी लागू नये.

परंतु टिळक केवळ गीते रचून थांबले असते तर मंडळीने त्यांच्यावर इतका जीव लावला नसता. त्यांच्या ठायी गाणे आणि सेवा या दोन गोष्टी निराळ्या नव्हत्या. लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोवर त्यांच्या मनातील सोवळ्याओवळ्याच्या गाठी एकेक करून सुटल्या होत्या. पुढे नगर आणि राहुरी येथील या दांपत्याचे घर म्हणजे एक धर्मशाळाच झाली. दुष्काळात आईबाप गमावलेली पोरे तेथे वाढली. अर्धपोटी विद्यार्थी तेथे जेवले. बालकवींसारख्या हळव्या मुलाला तेथे मायेची सावली मिळाली. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजवंताला देण्यात तो संपे, आणि संसाराचा मेळ बसविण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येई. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ही सारी ओढाताण हसतहसत सांगितली आहे. त्या हसण्याच्या आड किती कष्ट होते ते वाचकाला कळल्याशिवाय राहत नाही. नगरात प्लेगचे थैमान सुरू झाले, सख्खे नातलगही रोग्याजवळ जाण्यास कचरू लागले, तेव्हा या दोघांनी रोग्यांच्या शुश्रूषेला वाहून घेतले. भजनात ज्या दयेची आळवणी करावयाची, ती आधी आपल्या हातून घडली पाहिजे, हा त्यांचा साधा हिशेब होता. टिळकांची सेवा लक्ष्मीबाईंवाचून अर्धी राहिली असती, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

हा हिशेब त्यांनी अखेरपर्यंत पाळला. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. आयुष्याच्या उत्तरार्धात 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही ते करीत होते. मान होता, वेतन होते, विश्राम घेण्याचे वय झाले होते. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्या बंधुसंघात जागा होती. परक्या देशाच्या पैशावर उभा असलेला धर्म या मातीत रुजणार नाही, ही त्यांची धारणा होती. म्हणून पन्नाशी उलटल्यावर हा कवी संन्याशाच्या वृत्तीने पुन्हा रस्त्यावर आला. त्यांच्या या कृतीने काहींना दुखविले, काहींना ती अव्यवहारी वाटली. त्या दरबाराचे आयुष्यही मोठे ठरले नाही, कारण ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्या वेळी ते सत्तावन्न वर्षांचे होते.

तथापि बी वाया गेले नाही. टिळकांच्या सहवासाने प्रभावित झालेले इंग्रज धर्मोपदेशक जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला व पुढील वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. निकोल मॅकनिकोल यांनी टिळकांच्या पदांची इंग्रजी रूपांतरे केली आणि त्यांतील काही परदेशांतील गीतसंग्रहांत गेली. ज्या भाषेतून एके काळी मराठी मंडळी गीते उसनी आणीत होती, त्या भाषेला मराठीने ते ऋण व्याजासह परत केले. १९०९ साली टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते. त्याचे दहाच अध्याय त्यांच्या हातून पुरे झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले आणि अखेरची भर पुत्र देवदत्त यांनी घातली. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. १९३८ साली ते महाकाव्य प्रसिद्ध झाले. एकाने सूर लावावा, तो थांबला की दुसऱ्याने तो उचलावा, ही तर भजनाचीच रीत आहे.

थोर माणसांची स्मारके दगडांची असतात आणि त्यांवर नावे कोरलेली असतात. टिळकांचे स्मारक निराळे आहे. खेड्यातल्या पत्र्याच्या छपराखालच्या उपासनेत एखादी म्हातारी पुस्तक न उघडता, डोळे मिटून त्यांचे पद म्हणते. ते पद तिला तिच्या आईने शिकविलेले असते आणि आईला आजीने. कवीचे नाव तिला विचारले तर ती म्हणेल, हे आमच्या मंडळीचे भजन आहे. आयुष्यभर 'मी' विसरण्याची साधना करणाऱ्या भक्ताला याहून मोठी पावती कोणती हवी?