टोला लांब की सरळ?

विटी-दांडूत टोला लांब गेला, की आपण खूश होतो.
पण विटी झेलली गेली, की डाव संपला!

गोल्फमध्येही हाच पेच.
टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला, तो हा खेळ.
पहिला फटका टी-वरून, म्हणजे छोट्या खुंटीवरून मारतात.

जोर लावला, की चेंडू लांब जातो.
पण दिशा जराशी चुकली,
तर लांबचा चेंडू जास्तच बाजूला पडतो.
लांबी वाढते, तशी चूकही वाढते.

चेंडू उंच गवतात पडला, तर बरेचदा निभावतं.
होल, म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, तरी जवळ आलेला असतो.
हद्दीबाहेर गेला, तर मात्र एका फटक्याचा दंड,
आणि पुन्हा टी-वरूनच सुरुवात.
म्हणून हद्द जवळ असेल, तिथे जाणते खेळाडू ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब काठी, ठेवून देतात,
आखूड काठी घेतात.